गॅलरीतलं ताट

टेबलाभोवती सगळे उभे राहिले, तशी मीही राहिले. ओले हात पदराला पुसले आणि नेहमीसारखा उजवा हात मॅडमकडे केला. मॅडमनी आपला हात मागे घेतला. हसून. "नो, नो. तुम बाहर. तुम्हारा धरम, ना?" म्हणाल्या आणि गॅलरीकडे बोट केलं. तिथे कपड्यांच्या दोरीखाली एक स्टूल मांडलं होतं. स्टुलावर ताट. ताटात मीच केलेले बटाटे.

मला आधी कळलंच नाही. वाटलं, काहीतरी सांडलंय, पुसायला सांगतायत. फडकं घेऊन गेले मी. मागे दार लोटलं गेलं आणि आत प्रार्थना सुरू झाली.

ही मुलुंडची गोष्ट. शहाऐंशी साल असेल. साहेब जर्मन. एका कारखान्यात नवी यंत्रं बसवून द्यायला तीन वर्षांसाठी आले होते. साहेब, मॅडम आणि त्यांची सहा वर्षांची मुलगी. मी विक्रोळीहून बसने जायचे. माझ्या नवऱ्याच्या कंपनीत टाळेबंदी, घरात सासू, दोन पोरं शाळेत. चूल माझ्यावर.

माणसं वाईट नव्हती, खोटं कशाला बोलू. पाणी दोनदा उकळायची, तरी पोट बिघडायचं. साधी फोडणी दिली तरी तिघं खोकत बाहेर पळायची. रविवारी त्यांच्या भाषेतलं चर्च इथे कुठे मिळणार? म्हणून प्रार्थना घरीच. साहेब पुस्तक वाचायचे. मॅडम गायच्या आणि गाता गाता रडायच्या. आई आठवायची त्यांना. मी पाठीवरून हात फिरवायचे. मग जेवणाआधी सगळ्यांनी एकमेकांचे हात धरायचे, डोळे मिटायचे, देवाचे आभार मानायचे. पहिल्याच रविवारी त्यांनी मला ओढून त्या गोलात घेतलं. "हम सब एक फॅमिली," म्हणाल्या. उभ्या आयुष्यात कुठल्या मालकिणीने माझा हात असा धरला नव्हता. मी हुरळले. वर्षभर हुरळलेलीच होते.

काम लावून दिलं समोरच्या फ्लॅटमधल्या वहिनींनी. अख्खी बिल्डिंग त्यांना वहिनीच म्हणायची. त्यांनी गाव विचारलं, मी सातारा म्हटलं. आमचं आडनाव मराठ्यांच्या आणि आमच्या, दोन्ही आळ्यांत सापडणारं. त्या समजल्या मराठ्याची, मी समजू दिलं. अडला हरी, दुसरं काय. आदल्या बुद्धपौर्णिमेला पोटात दुखतंय सांगून रजा घेतली होती. माझा धर्म मी पोटदुखीखाली लपवला. त्याची लाज मला आजही वाटते.

त्या वर्षी पौर्णिमेला मॅडमकडे पाहुणे. रजा मिळेना. म्हणून सकाळी लवकर विहारात जाऊन आले आणि पांढऱ्या साडीतच कामावर गेले. मॅडमनी दार उघडलं, मला पाहिलं आणि गळ्यातच पडल्या. इथे पांढरी साडी विधवा नेसते, असं कुणीतरी त्यांना शिकवलं होतं. माझा नवरा गेला असं समजून ती बाई दारात हुंदके द्यायला लागली. मला हसू आवरेना. त्या हसण्याच्या भरात खरं सांगून बसले. नवरा ठणठणीत आहे. आज आमच्या बुद्धाचा जन्मदिवस. आम्ही बौद्ध, आजच्या दिवशी पांढरं नेसतो. मॅडम खूश. "बुद्धा! व्हेरी गुड!" आणि ही गुड बातमी त्यांनी संध्याकाळी चहाला आलेल्या वहिनींना सांगितली.

वहिनींनी त्यांना काय समजावलं, ते मला पुढच्या रविवारी गॅलरीत समजलं.

तेव्हाच निघायला हवं होतं. नाही निघाले. घरी सांगितलं तर नवरा म्हणाला, "हात नाही धरला तर काय झिजलीस? गप बस ना जरा." तोही बसून बसून खचला होता. तोंड दाबून बुक्क्यांचा मार. जून गेला, जुलै गेला. पाऊस आडवा यायचा तेव्हा ताट मांडीवर घेऊन भिंतीला चिकटून जेवायचे. आणि मॅडम प्रेमाने वागायच्या, हे सगळ्यात वाईट. ताटावर माशी बसू नये म्हणून जाळी झाकायच्या. शिव्या दिल्या असत्या तर भांडले तरी असते. मायेने बाहेर बसवणाऱ्या बाईशी भांडायचं कसं?

ऑगस्टमधल्या एका रविवारी दुसरं एक गोरं जोडपं जेवायला आलं. वहिनीही होत्या. गॅलरीचं दार अर्धं उघडं. त्या नव्या बाईने माझ्याकडे बघत काहीतरी विचारलं. मॅडम म्हणाल्या, "शी ईट्स आउटसाइड. इट इज हर रिलिजन. वी रिस्पेक्ट." एवढं इंग्रजी मला एव्हाना आलं होतं.

मग गोल झाला. माझ्या जागी वहिनी उभ्या होत्या, मॅडमचा हात धरून. वहिनी काय ख्रिश्चन होत्या?

माझ्या डोक्यात सणक गेली. अपमान मी गिळत आले होते. पण हा माझ्या धर्माच्या नावावर? ज्या धर्माने आम्हाला बाहेर बसवलं तो माझ्या सासऱ्यांनी टाकला. देव्हाऱ्यातले देव नदीत सोडून आला तो माणूस. आणि त्याची सून गॅलरीत बसून जगाला दाखवत होती, की हिला बुद्धानेच बाहेर बसवलंय. मी गप्प होते म्हणून ते खरं ठरत होतं.

ताट उचललं. आत गेले. टेबलावर ठेवलं आणि खुर्ची ओढली.

"मॅडम, माय रिलिजन नो. ये इनका रिवाज है," मी वहिनींकडे बोट केलं. "हमने छोड दिया. आपने इनसे सीखा."

वहिनी मराठीत म्हणाल्या, "अगं, पाहुण्यांसमोर शोभतं का हे? काम कुणी लावलं तुला?"

"तुम्हीच लावलंत वहिनी. पण जात मी नाही विचारली तुमची."

मॅडम लालबुंद. साहेब खाली बघत होते. शेवटी मॅडम हळूच म्हणाल्या, "प्लीज. आफ्टर प्रेयर." सगळ्यांनी डोळे मिटले. मी शिजवलेल्या अन्नाबद्दल ते देवाचे आभार मानू लागले. मी डोळे उघडे ठेवले आणि त्यांचं आमेन व्हायच्या आत पहिला घास घेतला.

सोमवारी मॅडमनी समोर बसवून सांगितलं. कामाला ये, पण रविवारी नको. परक्या देशात शेजार तोडून कसं चालेल? त्यांचं मला कळत होतं. त्याही अडकलेल्याच होत्या. पण तीन वर्षं भरली की त्यांना विमान होतं.

"रविवारी नाही, तर सोमवारीही नाही," म्हटलं आणि निघाले.

पुढचे कित्येक दिवस घरात चूल एकदाच पेटायची. नवरा आठवडाभर बोलला नाही. सासूने कडाकडा बोटं मोडली. हेही लपवत नाही.

पण त्यानंतर काम मागायला गेले त्या प्रत्येक दारात, चप्पल काढायच्या आधी, मी एकच बोलले. "मी बौद्ध. स्वयंपाक मी करणार आणि जेवणार आत बसून. चालत असेल तर सांगा." घाटकोपरच्या बाईने तोंडावर दार लावलं. भांडुपची बाई म्हणाली, विचार करून सांगते. तिचा विचार अजून चाललाय. मी खाली उतरले, शेजारच्या बिल्डिंगचा जिना चढले, बेल दाबली आणि तेच सांगितलं.