बहिणीचे टक्के

माझी धाकटी बहीण चालायला शिकली तेव्हा अकरा वर्षांची होती. जन्मताना ती निळी पडली होती, रडायला तिला फार उशीर झाला, आणि तेव्हापासून तिचे दोन्ही पाय ताठ, एकमेकांवर चढणारे. डोकं मात्र माझ्याहून तल्लख. धुळ्याजवळच्या आमच्या गावात वडिलांनी अंगणातल्या लिंबापासून दाराच्या चौकटीपर्यंत कमरेच्या उंचीवर दोर बांधला होता. मजुरीवरून आले की हातपाय न धुता ते तिला त्या दोराशी उभं करायचे. ती पडली तर उठवायचे नाहीत. आई आतून त्यांना शिव्या द्यायची. तिची हनुवटी दोनदा फुटली, एक दात गेला. चार वर्षांनी एके दिवशी ती दोर सोडून आठ पावलं चालली, आणि आमचा अबोल बाप रस्त्यावर जाऊन ओरडला, "मनी पोर चालनी!" त्या दिवशी त्यांनी आळीत गूळ वाटला.

पुढे ती गिरणीत दळण घेऊन जायला लागली. गुडघे एकमेकांना घासायचे, एक खांदा वर जायचा, हात वल्ह्यासारखे हलायचे. पोरं मागून नक्कल करायची. ती थांबायची, त्यांना नीट करून दाखवायची, "असं नही, असं," आणि पुढे जायची.

आईवडील गेल्यावर मी तिला जळगावला माझ्या घरी आणलं. मेहरूणमध्ये आमच्या दोन खोल्या. मुलगी लग्न होऊन सुरतेला गेलेली. नवरा डाळमिलमध्ये हमाल, पण त्याची कंबर धरली होती आणि अर्धे दिवस तो घरीच पडून असायचा. मी ब्लाउज शिवायचे. बहीण साड्यांना फॉल लावायची, तिचा टाका माझ्यापेक्षा बारीक. संध्याकाळी पाचला ती एकटी तलावापर्यंत चालत जायची आणि दिवेलागणीला परत यायची. तो तिचा रोजचा नेम होता. तिला सोबत नको असायची.

एकदा जेवताना नवरा म्हणाला, "भाकरी थोड्या लहान कर. पीठ पुरत नाही." तो माझ्याकडे पाहून म्हणाला, पण ऐकायचं होतं तिला. दुसऱ्या दिवसापासून ती एकच भाकरी घ्यायला लागली. आठवड्याने मला म्हणाली, "अक्का, सरकार अपंगले पगार देस. मना कागद कर. भाऊजीसना तोंडकडे दखीसन माले जेवाये नही."

मी कागद करायला निघाले.

तिचं नाव गावच्या रेशनकार्डावर. तिकडच्या ऑफिसात म्हणाले, "राहते कुठे? जळगावला ना? मग तिकडे अर्ज करा." इकडच्या ऑफिसात म्हणाले, "नाव तिकडच्या कार्डावर आहे, कमी करून आणा." तिकडे परत गेलो. "नाव कमी करायला कुटुंबप्रमुखाची सही लागेल." कुटुंबप्रमुख आमची आई, ती जाऊन दीड वर्ष झालेलं. मग आईच्या मृत्यूचा दाखला. त्यात आईचं नाव एका अक्षराने चुकलेलं, म्हणून प्रतिज्ञापत्र. दर वेळी "लाभार्थी समक्ष आणा" म्हणून बहीण बरोबर. पारोळ्यावरून धुळ्याची एसटी, तिच्या उंच पायऱ्या. ती दांडा धरून, दात आवळून चढायची. मी मागून हात लावायला गेले की म्हणायची, "सरक." या येण्याजाण्यात पावसाळा गेला, हिवाळा गेला. शेवटी कार्ड झालं, रहिवासी दाखला झाला, उत्पन्नाचा झाला. उरलं फक्त अपंगत्वाचं प्रमाणपत्र. सगळे म्हणाले, ते तर सोपं. तिच्याकडे बघितलं की कळतं.

तपासणीच्या दिवशी ती पहाटे उठून न्हायली. हिरवा पंजाबी ड्रेस घातला, वेणीला रिबीन लावली. मी म्हटलं, लग्नाला चालली का? ती हसली. सरकारी दवाखान्याच्या व्हरांड्यात आम्ही सकाळी आठला नंबर लावला आणि दुपारी दोनला आत बोलावलं. डॉक्टर वयस्कर होते, चेहऱ्याने चांगले. म्हणाले, "चालता येतं का?"

तिला वाटलं, आता आपली परीक्षा आहे. तिने ओढणी खांद्याला गाठ मारून बांधली आणि दारापासून टेबलापर्यंत चालत गेली. इतकं सरळ चालताना मी तिला कधीच पाहिलं नव्हतं.

"अरे वा," डॉक्टर म्हणाले. "परत जा." ती गेली. "परत ये." ती आली. शेजारच्या तरुण डॉक्टरला त्यांनी दाखवलं, "बघा, अशा केसमध्ये इतकी चाल फार कमी जणांना येते. कुणी शिकवलं?"

"मना बापनी," ती म्हणाली. तिच्या कपाळावरून घाम गळत होता आणि ती खूश होती.

कागद हातात आला तो बाहेर व्हरांड्यात. पस्तीस टक्के. शिपाई म्हणाला, "चाळीसच्या खाली काही मिळत नाही. उगाच आलात." मी कागद घेऊन तशीच आत घुसले. डॉक्टर पुढच्या माणसाचा गुडघा दाबत होते. म्हणाले, "बाई, ती चालते. नियमाने जेवढे बसतात तेवढे दिले. वरचे पाच मी काय खिशातून काढू?"

दाराशी बहीण उभी होती. तिने विचारलं, "मी नापास व्हयनी का?"

"उलट पास झालीस," तरुण डॉक्टर म्हणाला. "तू अपंग नाहीस." बाकावर बसलेले एकदोघं हसले. त्यातला एक माणूस कुबड्या घेऊन बसला होता, तोही हसला.

झेरॉक्सच्या दुकानात एक बाई भेटली. तिने माझ्या हातातला कागद वाचला आणि तोंडाने चक् केलं. "चालवत कशाला नेली? फेरतपासणीचा अर्ज करा. जमिनीवरून सरकत न्या. डोक्याला तेल लावू नका. अंगावर जुनं काहीतरी घाला. माझ्या दिराला मी तसाच नेला."

घरी येऊन मी बहिणीला सांगितलं. ती म्हणाली, "नही."

मी समजावलं, एका दिवसाचं काम आहे, कुणाला कळणार नाही. ती म्हणाली, "माले कळी." त्यानंतर दोन दिवस मी तिच्याशी बोलले नाही. ताट वाढून समोर सरकवायचे, बस. तिसऱ्या दिवशी ती तलावावरून परत आली, उंबऱ्यात बसून पाय चोळत होती. आम्ही बहिणी घरात अहिराणीच बोलतो, पण राग आला की माझ्या तोंडात शहरातली भाषा येते. मी म्हटलं, "तुझ्या चालण्याने आजवर कुणाचं पोट भरलंय? बापाने चार वर्षं दोराशी घासलं, त्यापेक्षा तशीच राहिली असतीस तर आज पगार चालू असता."

ती बराच वेळ पाय चोळत राहिली. मग म्हणाली, "कव्हय जानं शे?"

फेरतपासणीची तारीख चार महिन्यांनी आली. त्या सकाळी मी तिला आईची फाटकी साडी नेसवली. केस विस्कटले. रिक्षातून उतरवून व्हरांड्यात खाली बसवलं. ती हातांवर रेटत सरकायला लागली. लहानपणी सरकायची, पण आता ती बत्तीस वर्षांची होती आणि शरीर ते विसरलं होतं. फरशीवर कुणीतरी गुटखा थुंकलेला, तिचा तळवा त्यात पडला. तिने तो साडीला पुसला आणि पुढे सरकली. लोक वाट देत होते. एका म्हातारीने तिच्या ओच्यात बिस्किटाचा पुडा टाकला. तो काढून टाकायला माझे हात मोकळे होते, पण मी तो राहू दिला. बरंच वाटलं मला, पुडा असला की खरं दिसेल.

आत या वेळी दुसरे डॉक्टर. त्यांनी मान वर केली नाही. "उभी राहते?"

"नाही," मी म्हटलं.

"जेवते हाताने?"

"कधी कधी."

"लघवी-संडास कळतं?"

खोलीत आठदहा माणसं होती. पुढच्या नंबराचे दोन बाप्ये तर आमच्या खांद्याशी उभे होते. बहिणीने तोंड उघडलं. ती "हो" म्हणणार हे मला दिसलं. तिच्याआधी मीच म्हणाले, "नाही साहेब. कपड्यातच होतं. मीच करते सगळं."

बाप्यांपैकी एक जण मागे सरकला. डॉक्टरांनी पहिल्यांदा मान वर करून पाहिलं, माझ्याकडे. "फार करता हो तुम्ही," म्हणाले.

ऐंशी टक्के.

रिक्षात ती म्हणाली, "तू त्यासले काय सांगं?" तिने ऐकलं होतं, तरी विचारलं. मी म्हटलं, "काम झालं ना?" घरी येऊन तिने न्हाणीत जाऊन किती तरी वेळ अंग धुतलं. मी बाहेरून हाक मारली तर म्हणाली, "धुवा दे. मना हातले वास येस."

तहसीलला फाइल मंजूर व्हायला आणखी सात महिने लागले. त्या सात महिन्यांत मी जे केलं ते कुणी मला करायला सांगितलं नव्हतं. गल्लीत ऑफिसला कळवणारी माणसं असतात, असं झेरॉक्सच्या दुकानातल्या त्या बाईने सांगितलं होतं. तलाठी केव्हाही चौकशीला येतो, शेजाऱ्यांना विचारतो. म्हणून मी बहिणीचं बाहेर जाणं बंद केलं. दळण मी आणायला लागले. पाचला ती चप्पल घालायला लागली की मी दार लावून घ्यायचे. "पगार सुरू होईपर्यंत," म्हणायचे. पगार सुरू झाल्यावर म्हणाले, "पहिली तपासणी होईपर्यंत." सुरुवातीला ती भांडली. एकदा मी दुकानात गेलेली बघून निघालीच, आणि कोपऱ्यावर मला दिसली. मी धावत जाऊन तिला दंडाला धरून खाली बसवलं, भर रस्त्यात. तिच्यापुढे भाजीची गाडी उभी होती. भाजीवाला म्हणाला, "अहो, चालत होती की ती चांगली." मी त्याला म्हटलं, "तू तुझं बघ."

मग ती खिडकीशी बसून फॉल लावायची. खोलीतल्या खोलीत भिंत धरून फिरायची. मग तेही कमी झालं. ज्यांचे पाय असे असतात त्यांना रोज चालावंच लागतं, हे मला माहीत होतं. आमच्या बापाला माहीत होतं, अडाणी असून. गुडघे आखडत चाललेले मला दिसत होते. रोज मीच तिच्या पायात सलवार घालत होते, आणि रोज जरा जास्त ओढावं लागत होतं. मी म्हणायचे, थंडीने होतं.

पगार सुरू झाल्याच्या पहिल्या महिन्यात तिने माझ्या नवऱ्याच्या हातात नोटा ठेवल्या आणि दोन भाकरी खाल्ल्या. पुढे पगार तीन-तीन महिने यायचा नाही. बँकेत विचारलं तर "वरून आला नाही" म्हणायचे. मग तिची एक भाकरी परत सुरू व्हायची. कुणी काही बोलायचं नाही, ती स्वतःच.

तलाठी आला तो दुसऱ्या वर्षी. भर दुपारी, मोटरसायकलवर. तरुण होता, दमलेला. पाणी प्यायला, कागद मांडीवर घेतला. म्हणाला, "ताई, वाईट वाटून घेऊ नका, पण तक्रार आली आहे. या चालतात म्हणे. उठून दाखवता का?"

मी बहिणीला डोळ्याने खूण केली, नको. तिने माझ्याकडे पाहिलंच नाही. तिने खिडकीचा गज धरला आणि उठायला लागली. मला कळलं, ती आज उठणार. सगळं उघडं पाडणार. गेल्या दोन वर्षांचं सगळं या माणसासमोर एका दमात फेडणार. तिचा चेहरा लाल झाला, मानेच्या शिरा टरारल्या, ढुंगण जमिनीपासून वीतभर उचललं गेलं. गुडघे सरळ झाले नाहीत. तिने दुसरा हात गजाला लावला. तिसऱ्यांदा जोर केला. मग हात सुटले आणि ती एका कुशीवर आपटली.

तलाठी पुढे धावला. "राहू द्या, राहू द्या हो, झालं माझं." त्याने कागदावर टिक केली. जाताना मला म्हणाला, "लोक काय वाटेल त्या तक्रारी करतात. हिला चालताना कोण बघणार?"

मोटरसायकल गल्लीच्या बाहेर जाईपर्यंत मी दाराशी उभी राहिले. आत वळायची हिंमत नव्हती. ती जमिनीवरच पडून होती, गाल फरशीला टेकलेला.

"लिखी लिधं ना त्यानी?" तिने विचारलं.

मी म्हटलं, "हो."

"आते समदं खरं शे," ती म्हणाली. "आते तुले भीती नही."

त्यानंतर मी तिला खाजगी डॉक्टरकडे नेलं. त्यांनी गुडघे वाकवून पाहिले, म्हणाले, "ही कधी चालत होती का?" बहीणच म्हणाली, "नही. कधीच नही." मी तिथे काही बोलले नाही. खरं सांगितलं असतं तर निदान उपाय वेगळा झाला असता की काय, मला माहीत नाही. डॉक्टरांनी व्यायाम लिहून दिला, पाय रोज ओढायचे, सकाळ-संध्याकाळ.

रोज सकाळी चूल आटोपली की मी तिच्या पायाशी बसते. एक हात टाचेखाली, एक गुडघ्यावर, आणि हळूहळू दाबते. एका मर्यादेपुढे पाय जात नाही. दुखतं का म्हणून विचारते. ती भिंतीकडे पाहत असते. माझ्या हातात तिची पोटरी थरथरते, त्यावरून मी समजते, आणि आणखी थोडं दाबते.