तिसऱ्या क्रमांकावरचं माझं नाव

मोबाइलवरच्या गाण्यांच्या दुकानात आमचा अभंग आज खपाच्या यादीत तिसऱ्या क्रमांकावर आहे आणि गायिका म्हणून, कुणास ठाऊक कसं, माझं नाव झळकतंय. मी तर नुसती पेटी वाजवली. गायले बुवा, आणि त्यांचंच नाव कुठे नाही. खाली ‘चूक कळवा’ असं बटण आहे. मी ते दाबलेलं नाही.

अपमान लोणच्यासारखा मुरू द्यावा लागतो. माझा चांगला सात वर्षं मुरलाय. तेव्हा याच अभंगाची सीडी निघाली, तिच्या कव्हरवर माझं नाव नव्हतं आणि बुवा हसत म्हणाले होते, “अहो ताई, जाणकार सुरावरून ओळखतात.”

आत्ताच त्यांचा फोन आला. “ताई, तेवढं नाव दुरुस्त करायला सांगा ना!”

“जाणकार सुरावरून ओळखतात, बुवा,” मी म्हणाले आणि फोन ठेवून ती यादी पुन्हा एकदा डोळे भरून पाहिली.