साहेबांचं भरीत
आज सुनेने कापसाच्या वाळल्या पऱ्हाट्यांवर वांगी भाजली आणि त्या वासाने मी उठून ओसरीवर जाऊन बसले. स्वातंत्र्यानंतरच्या वर्षांत आमच्या धुळ्याकडच्या गावी जिल्ह्याचे साहेब आले होते. नव्या तोफांची चाचणी व्हायची होती, गोळे आमच्या शिवारावरून जाणार, म्हणून पंचायतीचं मत विचारायला. सासरे सरपंच, त्यामुळे भरीत-पुऱ्या मीच वाढत होते. “मोकळेपणाने बोला,” साहेब तेलकट घास गिळत म्हणाले. सासरे बोलायला उठले, तोच गल्लीतून कोतवालाची दवंडी ऐकू आली: उद्यापासून डोंगराकडे गुरं नेऊ नका, तोफा उडणार आहेत. “दवंडी ते पिटाई गयी साहेब, मंग आमले काब्र इचारतस?” सासऱ्यांनी विचारलं. “विचारायची पद्धत असते, आबा,” म्हणत साहेबांनी बोटं चाटली आणि पान माझ्याकडे सरकवलं. खानदेशातली असून मी भरिताला शिवत नाही, याचं सुनेला नवल वाटतं. तिने ती बोटं पाहिलेली नाहीत.