अहिराणीतला पासवर्ड

सुरतेजवळच्या उधन्यातल्या साड्या छापणाऱ्या मिलमध्ये तो माझ्या शेजारच्या कॉम्प्युटरवर बसायचा. नवी डिझाइनं मोडेमवरून मुंबईच्या ऑफिसातल्या कॉम्प्युटरला पाठवणं हे त्याचं काम. फोनची लाइन हमखास मध्येच तुटायची. मग तो चष्मा काढून डोळे चोळायचा, "चला, परत पहिल्यापासून," म्हणायचा आणि फाइल पुन्हा लावायचा. चिडलेला तो मला कधी दिसला नाही, दमलेला मात्र रोज दिसायचा.

डिझाइन कुणी चोरू नये म्हणून फाइलला पासवर्ड असायचा. फाइल पोचली की तो मुंबईला फोन करून पासवर्ड अहिराणीत सांगायचा. तिकडचा माणूस धुळ्याचा होता आणि आमच्या ऑफिसात ती बोली माझ्याशिवाय कुणाला कळत नव्हती.

एकदा आमचं डिझाइन आमच्याआधी दुसऱ्याच्या साडीवर बाजारात आलं. पासवर्ड कुणाला ठाऊक होता, असं शेठनं सगळ्यांसमोर त्याला गुजरातीत विचारलं, "पासवर्डनी कोने खबर हती?"

"पाठवणारा मी आहे," तो म्हणाला. "मलाच विचारा."

त्याचं काम काढून घेतलं. पुढे कळलं, डिझाइनचा कागद छपाईखात्यातूनच बाहेर गेला होता. शेठनं त्याला बोलावून चहा पाजला आणि काम परत दिलं. तो जागेवर आला, फाइल पाठवली आणि फोन उचलण्याआधी माझ्याकडे वळला.

"तू जरा बाहेर जाय भाऊ. तुले आपली बोली समजस. उद्या तुन्हं नाव नको येवाले."

मी व्हरांड्यात जाऊन उभा राहिलो. त्यानंतर रोजच जाऊ लागलो.