सरबत लाल की पांढरं?

मंडळी, आज आमच्या घरी पहिल्यांदाच काचेच्या ग्लासात वाइन ओतली आणि रडूच फुटलं.

सासूबाईंना कळू नये म्हणून मी आणि नवरा कायम स्टीलच्या पेल्यातून प्यायचो. सरबत आहे, असं सांगायचो. पॉपकॉर्न त्याच करून द्यायच्या. आधी विचारायच्या, “आज सरबत लाल की पांढरं?” लाल असेल तर गोडा मसाला, पांढरं असेल तर मेतकूट.

गेल्या महिन्यात त्या गेल्या. आज पॉपकॉर्न मी केले.

“लाल आहे, गोडा मसाला घाल,” नवरा म्हणाला.

यार, सरबताचा रंग बघून कोणी मसाला बदलतं का? आईंना सगळं ठाऊक होतं!

ग्लास तसेच भरलेले आहेत. सांगा ना, आता कुणापासून लपवून प्यायची?