काळे की पिवळे

सानिकाच्या छातीतून शिट्टीसारखा आवाज यायला लागला तेव्हा माझ्या हातात बेदाण्यांचा डबा होता. नऊ वर्षांची पोरगी. खो-खो संपवून खाऊच्या रांगेत बसली होती, मूठभर बेदाणे खाल्ले आणि खोकायला लागली. पळून दम लागला असेल असं मला वाटलं. पाठ चोळली, पाणी दिलं. आवाज वाढतच गेला. ओठ निळसर दिसायला लागले तेव्हा मी तिला उचलून रस्त्याकडं पळाले.

मी एका संस्थेची सुपरवायझर. तासगाव-मिरज पट्ट्यात शाळा सुटल्यावर आमचे वर्ग चालतात. पूर्वी तिथं नुसता गृहपाठ आणि बिस्किटाचा पुडा असायचा. मी ऑफिसशी भांडून ‘ॲक्टिव्हिटी अवर’ आणला, म्हणजे पाऊण तास मैदानावर खेळ. बिस्किटं बंद करून उकडलेले हरभरे, शेंगदाणे, केळी सुरू केली. अडीच महिने सगळं सुरळीत होतं. बेदाणे त्या दिवशी पहिल्यांदाच, सगळ्या केंद्रांवर एकदम.

एका बागायतदाराच्या पिकअपमधून तासगावकडं निघालो. सानिकाची आई बेदाण्याच्या शेडवर निवडायला जाते. तिला वाटेत घेतलं. लेकीला मांडीवर घेऊन बसली ती माझ्याकडं एकदाही बघेना. तिनं चार शिव्या दिल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं.

दवाखान्यात नेब्युलायझर लावला. औषधाची वाफ देणारं यंत्र ते.

“दमा आहे का हिला?” डॉक्टर मॅडमनी विचारलं.

“ल्हान असताना व्हता. आता न्हाई,” आई म्हणाली.

आमच्या प्रवेशाच्या फॉर्मवर ‘आजार’ या रकान्यात ‘नाही’ लिहिलेलं होतं. मुलीचा दमा आमच्याकडं सहसा कुणी कागदावर आणत नाही. पुढं लग्नाच्या वेळी अडचण नको.

अर्ध्या तासानं सानिकानं पाणी मागितलं. मी बाहेर येऊन भिंतीला टेकले. तेवढ्यात सांगलीच्या ऑफिसातून आमच्या सरांचा फोन.

“इन्सिडेंट रिपोर्टमध्ये कारण काय लिहिताय?”

“अजून कळलं नाही, सर.”

“पळताना दम लागला असं लिहा. उद्यापासून सगळीकडं पळापळी बंद. कॅरम खेळू देत.”

मी आत गेले. डॉक्टर मॅडम विचारत होत्या, “खाल्लं काय होतं?”

“बेदाणे,” मी म्हणाले.

आईनं पहिल्यांदा माझ्याकडं पाहिलं. “कसलं? काळं का पिवळं?”

“पिवळे.”

“आवं म्याडम, पिवळं ऱ्हावं म्हणून त्येला गंधकाची धुरी देत्यात. शेडवर मलाबी लय खोकला येतो. घरात आमी काळंच खातो.”

मला हे माहीत नव्हतं असं नाही. माझ्या माहेरीच शेड आहे. व्यापाऱ्यानं मला विचारलंही होतं, काळे देऊ का पिवळे. “मुलांना चांगले द्या,” मी म्हणाले होते. दिसायला चांगले ते चांगले, एवढंच माझं डोकं चाललं. स्वतःची इतकी लाज मला कधी वाटली नव्हती.

डॉक्टर मॅडम म्हणाल्या, “दम्याच्या काही पेशंटना गंधकाचा त्रास होतो. त्यात ती पळून आलेली. खात्रीनं नाही सांगता येणार. पण खेळ बंद करू नका. दम्याचा पंप जवळ ठेवा.”

रिपोर्टमध्ये मी दोन ओळी लिहिल्या: बेदाणे मी निवडले. दम्याची चौकशी मी नीट केली नाही.

“तुमच्या नोकरीवर येईल हे,” सर म्हणाले.

“येऊ दे. खेळ बंद करू नका.”

मला मेमो मिळाला. खेळ चालू राहिला.

पंधरा दिवसांनी सानिका परत आली. आईनं पंप माझ्या हातात दिला. “पळू द्या तिला. पर बघत ऱ्हावा.”

खो-खोत कोण जिंकलं ते मला आठवत नाही. मी फक्त तिची छाती वरखाली होताना बघत होते.

आता फॉर्मवर ‘आजार आहे का’ असं आम्ही विचारत नाही. आईच्या शेजारी बसून विचारतो, रात्री खोकते का, कधी वाफ दिली होती का. तसं विचारल्यावर दम्याची आणखी चार मुलं निघाली. जुनी हजेरी काढून पाहिली. त्या दिवशी चौघंही हजर होती, पिवळे बेदाणे त्यांच्याही हातात पडले होते.