घंटा का वाजली नाही

दसऱ्याला दारावर झेंडूचं तोरण बांधताना मला अजूनही करपलेल्या सरकीचा वास येतो.

नव्वदच्या दशकात नरडाण्याच्या एका तेलगिरणीत मी कॉम्प्युटर सांभाळायचो. सरकी शिजवायची कढई जास्त तापली की तो घंटा वाजवी. एका दसऱ्याला हंगामामुळे गिरणी चालूच होती. कॉम्प्युटरलाही हार घातला. आरतीच्या मध्येच ही धोक्याची घंटा वाजायला नको, म्हणून सेटिंगच्या फाइलमध्ये तापमानाची मर्यादा मी खूप वर नेली आणि नंतर ती तशीच विसरून गेलो.

दुसऱ्या दिवशी कढईतली सगळी सरकी जळाली. पाळीवर कढई सांभाळणारा नथाभाऊ होता.

"घंटा वाजनीच नही, शेठ. मी जागाच व्हतू."

"मग काय कॉम्प्युटर झोपला होता?" शेठ म्हणाले. सगळे हसले. मीही हसलो.

नथाभाऊनं माझ्याकडे पाहिलं. "साहेब, तुम्ही तरी सांगा."

"बघावं लागेल," मी म्हणालो. आत जाऊन मी गुपचूप जुना आकडा टाकला.

नथाभाऊला त्याच दिवशी काढलं. तेव्हा वाटलं, माझी नोकरी वाचली. आता कळतं, एका जाग्या माणसाला मी जन्मभरासाठी झोपाळू ठरवलं.